सुलावेसीला न्यायचं पुस्तक

बोदलटोल्यात कुणाला "तुम्हीच ठरवा" असं म्हणण्याआधी माणसानं दहादा विचार करावा. राजदीप मेश्राम सात वर्षं त्या गावात जा-ये करत होता, त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. पण गडी घाईत होता. एटापल्लीहून मोटारसायकल हाणत आला, मंगली नरोटेच्या ओट्यावर प्रवाशांना वाट दाखवणारी दोन पुस्तकं ठेवली, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, विमानात सात किलोच सामान नेता येते. तुमच्या टोपल्या अन् लुगडी धरून एकच पुस्तक बसन. कोनतं न्यायचं ते तुम्हीच ठरवा." आणि गेला निघून.

राजदीप मूळचा आरमोरीचा. जंगलावर हक्क मिळालेल्या गावांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत तो नोकरीला होता आणि या प्रवासात मंगलीचा दुभाष्या म्हणून तिच्यासोबत जाणार होता. प्रवास होता इंडोनेशियाचा. तिथल्या सुलावेसी नावाच्या बेटावर, डोंगरातल्या एका गावी, बांबूवर पोट भरणाऱ्या बायांचा दहा दिवसांचा मेळावा होता. देशोदेशीच्या बाया येणार होत्या, आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत बोदलटोल्यानं आपल्याकडून मंगलीचं नाव दिलं होतं. पासपोर्ट नागपूरहून आला होता. त्यातल्या फोटोत मंगली कुणावर तरी रागावल्यासारखी दिसत होती, आणि नवरा लच्छू तो फोटो पाहून दोन दिवस हसत होता.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? दोनातलं हलकं पुस्तक पिशवीत टाकलं असतं आणि विषय संपवला असता. पण मंगली बोदलटोल्याची लेक आणि बोदलटोल्याचीच सून. त्या गावात बांबू कधी तोडायचा, कोणत्या बाजूचा राखायचा, कुणाच्या डुकरानं कुणाचं वावर उकरलं, सगळं सभेत ठरतं. सभेत हात वर करून मोजणी होत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं, आणि एकजण जरी नाही म्हणाला तरी ते काम तिथंच थांबवायचं, अशी जुनी रीत. मंगलीला वाटलं, आपल्याला गाव पाठवतंय, तर पुस्तकही गावानंच निवडावं. रविवारी सकाळी ती दोन्ही पुस्तकं काखेत मारून सभेला गेली आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण मंगलीला जायचं होतं. फार जायचं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं नागपूरच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं, आणि नागपूरही पाहिलं ते पासपोर्टच्या रांगेतून. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली, त्यानंतर हातात बांबूची कांब आली ती आजतागायत सुटली नाही. दुसऱ्या मुलखातली बाई बांबू कसा चिरते, तिच्या बोटांना आपल्यासारखेच घट्टे पडलेत का, हे तिला तिच्याशेजारी बसून पाहायचं होतं. पण हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. "गाव पाठवते म्हनून जातो, बाई," असंच ती विहिरीवर बोलायची. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला लहानपणापासूनची खोड.

सभा गोटुलाच्या, म्हणजे गावच्या सामाईक घराच्या, मोकळ्या मांडवात भरली. जानेवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. धान घरात आलं होतं, मोहफुलं वेचायला अजून अवकाश होता, त्यामुळे माणसांकडे वेळच वेळ होता. असा वेळ असला की बोदलटोल्याची सभा रंगते.

सुनिल हा सभेचा सचिव, बारावी झालेला. त्यानं आधी मराठी पुस्तक उघडलं. ते कुठल्याशा सहल कंपनीनं काढलेलं, गुळगुळीत कागदाचं. वरणभात कुठं मिळतो, नातेवाइकांसाठी काय घ्यावं, साडीवर कोणते बूट घालावेत, असं त्यात बरंच होतं. शेवटी तिकडच्या भाषेतली उपयोगी वाक्यं आणि त्यांचे मराठी अर्थ दिले होते. सुनिलनं ते अर्थ मोठ्यानं वाचायला घेतले.

"'हे फार महाग आहे.' 'पाणी गरम नाही.' 'माझी बॅग कुठे आहे?' 'खोली बदलून द्या.' 'लवकर आणा.'"

"थांब थांब," झाडूबाय म्हणाली. ही सत्तरीची, गावातली सगळ्यात तिखट तोंडाची. "हा मानूस तिथी पाव्हना म्हनून गेला का भांडाले गेला?"

मांडव हसला. मंगलीही हसली. तिला वाटलं, गंमत आहे, अर्ध्या तासात उरकेल आणि आपण घरी जाऊन टोपलीचा काठ बांधायला घेऊ.

दुसरं पुस्तक इंग्रजी, जाडजूड, नकाशांनी भरलेलं. ते सुनिलला नीट वाचता येईना. ते हातोहात फिरलं. मुलाबाळांनी नकाशांवर बोटं फिरवली, लच्छूनं हातात तोलून "किलोभर तरी असन" असं सांगितलं. फिरत फिरत पुस्तक जंगू पुंगाटीपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

जंगू म्हणजे मंगलीच्या बापाचा धाकटा भाऊ, तिचा काका. पंचाहत्तरीचा, बारीक अंगाचा, बोलणं कमी. दिवाळीनंतरची सभा झाली तेव्हा तो भामरागडकडे लेकीच्या घरी होता, म्हणून मंगलीच्या जाण्याला त्याचा होकार घ्यायचा राहूनच गेला होता. कुणी ते मनावर घेतलं नव्हतं, कारण जंगू सहसा कशाला नाही म्हणत नसे.

त्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं. "आपल्याबद्दल असं पुस्तक हाय का?"

"गावाचं नाई, काका," सुनिल म्हणाला. "पन देशाचं असन. फिरायले येनारे गोरे लोक हातात धरून राह्यते, मी पाह्यलं हाय."

"मंग ते आना. आपल्याबद्दल त्यात खरं लिवलं असन, तर या पुस्तकातही त्या लोकायबद्दल खरं असन. ते पाह्यल्याबिगर माहा होकार नाई."

"या पुस्तकाले का?"

"पुस्तकाचं जाऊ दे. मंगलीच्या जान्याले."

मांडवातलं हसू कुठल्या कुठं गेलं. मंगली बोटांवर दिवस मोजू लागली. विमान पुढच्या शुक्रवारचं नव्हे, त्याच्या पुढच्या शुक्रवारचं होतं. मध्ये फक्त एक रविवार.

तो आठवडा मंगलीनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. काकाच्या दारावरून दिवसातून चारदा जाणं-येणं होई. तो अंगणात बसून जाळं विणत असे, ती मान खाली घालून पुढे सरके. विचारायला तोंड उघडलं तर "तुले जायचं हाय का?" असं तोच विचारेल, आणि तिथंच तिचा जीव अडकायचा. आपल्यासाठी म्हणून काही मागायची सवयच नव्हती तिला. राग मात्र भरपूर आला होता. काकाचा आला, राजदीपचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. त्या रागात तिनं तीन टोपल्या विणल्या, आणि तिन्ही वाकड्या झाल्या. लच्छूनं एक उचलून पाहिली आणि शहाण्यासारखी परत ठेवली.

सोमवारीच ती टेकडीवर चढून गेली होती. फोनला तिथंच रेंज मिळते. तिनं राजदीपला सगळं सांगितलं.

"घ्या! माह्याच तोंडाले खाज सुटली होती," तो म्हणाला. "ताई, मी भारताचं पुस्तक आनतो. बाबाच्या कपाटात हाय. ते दरसाल दीक्षाभूमीले जाते अन् पोतंभर पुस्तकं घेऊन येते. आमच्या घरी बसाले खुर्च्या दोन अन् पुस्तकायची कपाटं तीन. पन..."

"पन काय?"

"काई नाई. येतो रविवारी."

तो 'पन' मंगलीला रविवारपर्यंत पुरला.

रविवारी गाव जरा लवकरच जमलं. राजदीपनं पिशवीतून पुस्तक काढलं. विटेसारखं जाड, अकराशे पानांचं, इंग्रजी. मागच्या सूचीत बोट फिरवत त्यानं आपला गडचिरोली जिल्हा शोधला. अकराशे पानांत चार ओळी होत्या. त्यानं त्या आधी मनात वाचल्या, खाकरला आणि मराठीत सांगू लागला, "असं लिवलं हाय का, हा जिल्हा जंगलानं भरलेला हाय. इथी आदिवासी लोक राह्यते. जंगल मोठं सुंदर हाय, अन्..."

सात वर्षांत मंगलीनं राजदीपला साहेबांसमोर पुष्कळदा बोलताना ऐकलं होतं. साहेब काही कडू बोलला की राजदीप ते गावाला सांगताना असाच मऊ आवाज काढायचा.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही गोड करून राह्यले. जसं लिवलं तसं वाचा."

राजदीपनं मान खाली घातली. मग एकेक वाक्य इंग्रजीत वाचून त्याचा अर्थ सांगितला. "'या जिल्ह्यात प्रवाशानं पाहण्यासारखं काही नाही. जंगल घनदाट, रस्ते वाईट, आणि भाग धोक्याचा. जावंच लागलं तर दिवसाउजेडी जावं. वाटेत कुठेही थांबू नये.'"

एक तान्हं मूल रडत होतं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं.

"वाटेत थांबू नये?" सुनिल उसळला. "काऊन थांबू नये? मी तर रोजच थांबून राह्यलो!"

"तुले रस्त्यात दहा जन चहा पाजते म्हनून थांबतं तू," झाडूबाय म्हणाली. पण या वेळी कुणी हसलं नाही.

जंगूनं विचारलं, "लिवनारा इथी आला होता का?"

कुणालाच आठवेना. कुणी कधी बाहेरचा माणूस मुक्कामाला आला, जेवला, तर त्याचं नाव गावात वीस वर्षं निघतं. असा कुणी आला नव्हता.

"मंग आता त्यायचं वाच. मंगली जाते त्या गावाचं."

राजदीपनं सुलावेसीचं पुस्तक उघडलं. समुद्रकाठाची पानंच्या पानं होती. मासे कसले मिळतात, वाळू कुठं पांढरी आहे, सगळं खुलासेवार. डोंगरातला तो भाग सापडायला त्याला बराच वेळ लागला. सापडला तेव्हा तो बघतच राहिला.

"वाच ना गा," जंगू म्हणाला.

"'आतल्या डोंगराळ भागात बांबूच्या बनांशिवाय पाहण्यासारखं काही नाही. रस्ते वाईट आहेत, मुक्कामाची सोय नाही. बहुतेक प्रवासी हा भाग टाळतात. वेळ कमी असल्यास किनाऱ्यावरूनच परत फिरावं.'" राजदीपनं पुस्तक मिटलं. "एवढंच हाय."

गेले दोन महिने त्या गावाची मंगलीला थोडी भीतीच वाटत होती. परदेश म्हणजे तिथल्या बाया कशा असतील, चपला घालून बांबू चिरत असतील, आपल्याकडे पाहून नाक मुरडतील. आणि आता एकाएकी तिला ते गाव डोळ्यांपुढे दिसलं. वाईट रस्ता, त्याच्या टोकाला घरं, आणि त्या घरांबद्दल कुणीतरी लांब बसून लिहिलेलं की तिथं काही नाही. तिचा जीव त्या न पाहिलेल्या बायांसाठी कळवळला. ती कधी उठून उभी राहिली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"काका, मले जायचं हाय," ती म्हणाली. "गाव पाठवते म्हनून नाई. मलेच जायचं हाय. पह्यल्या दिवसापासून जायचं हाय, पन मी कोनाले बोललो नाई. त्यायच्या गावात काई नाई म्हन्ते. बांबू हाय ना? बाया हायेत ना? मी त्यायच्या बाजूनं बसीन, काम करीन. तुम्ही नाई म्हटलं तर नाई जाईन. पन मंग मले लय वाईट वाटन."

एवढं ती आयुष्यात सभेत बोलली नव्हती. बोलून झाल्यावर ती मटकन खाली बसली. लच्छू तिच्याकडे नवीनच माणूस पाहावं तसा पाहत होता.

जंगू बोलला ते मंगलीकडे न पाहता, समोरच्या मातीकडे पाहत.

"मी दिल्लीले गेलो होतो. ढोल घेऊन, नाचाले. तुम्हा पोरायचा जलम नव्हता झाला. मोठा कार्यक्रम होता. बावीस दिवस ठेवलं आमाले. खायले बरं होतं, झोपाले गादी होती, उगा खोटं काऊन बोलू. माह्या गळ्यात नंबर होता. एकेचाळीस. लोकं येत, पाहत, फोटो काढत. 'एकेचाळीस, इकडे पाह्य.' 'एकेचाळीस, हस.' बावीस दिवसांत कोनी मले नाव नाई इचारलं. अन् मीही कोनाले नाई इचारलं. कोन देशाचे, कोन गावचे लोक होते तिथी, मनिपूरचे का कुठचे, माह्याच बाजूले झोपत. मले एकाचंही नाव नाई माहीत. घरी आल्यावर सारे इचारत, दिल्ली कशी हाय? मी काय सांगू? मी तं गेलोच नाई. नंबर गेला होता."

गावानं ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. दिल्लीला जाऊन आलेला माणूस म्हणून जंगूचा गावात मान होता. तिथं काय झालं ते त्याला कुणी खोदून विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

"मले भेव वाटते का हिलेही तसंच करतीन," जंगू म्हणाला. "नाईतर मंगलीच पुस्तक धरून तसं करून येईन. पाहून येईन, अन् झालं." आता त्यानं मंगलीकडे पाहिलं. "नुसती पाहाले जात असशील तर नको जाऊ. त्यायच्या बाजूनं बसाले जातो म्हन्तं ना, मंग जा. माहा हो हाय."

"हो" म्हणायला त्याला दोन महिने आणि एक आठवडा लागला, पण एकदा म्हटल्यावर त्यानं मान अशी हलवली की जणू ते कधीचंच ठरलेलं होतं. सुनिलनं इतरांना विचारलं. सगळ्यांचा होकार होताच. मंगली पदरानं डोळे पुसत होती आणि झाडूबाय तिच्या पाठीवर थापट्या मारत "रडतं काऊन वो, पोरी" म्हणत स्वतःच नाक ओढत होती.

पुस्तकाचा विषय अजून बाकीच होता. बोदलटोला अर्धवट काम सोडून उठत नाही. वाक्यांचं मराठी पुस्तक झाडूबायनं आधीच बाद केलं होतं. जाड इंग्रजी पुस्तकाचं एकच पान कामाचं, आणि भारताच्या पुस्तकाचंही एकच. तिथल्या बायांना दोन्ही वाचून दाखवायची, असं मंगली म्हणाली. तुमच्याबद्दल हे लिहिलंय, आमच्याबद्दल हे, आता आपण एकमेकींना खरं काय ते सांगू. सगळ्यांना ते पटलं. सुनिल म्हणाला, मग दोन पानं फाडून घ्या. त्यावर राजदीपनं दोन्ही पुस्तकं छातीशी अशी धरली की कुणी त्याचं लेकरूच मागितलं.

"फाडाचं नाव नका काढू! बाबा मले घरात घेनार नाई. एटापल्लीले झेरॉक्स हाय, दोन कागद काढून आनतो."

सभेनं झेरॉक्सला एकमतानं मंजुरी दिली. अशी मंजुरी मिळालेली ती झेरॉक्स तालुक्यातली बहुधा पहिलीच असावी.

शुक्रवारी सकाळी जीप आली. मंगलीचं सामान सात किलो भरलं, वर पावशेरसुद्धा नाही. राजदीपनं हातकाट्यावर तोलून पाहिलं होतं. अर्धं गाव रस्त्यापर्यंत आलं. कुणी हात धरला, कुणी उगाच शिव्या दिल्या. जंगू मात्र कुठं दिसेना. मंगलीला हुरहूर लागली. काकाचा होकार मनापासून होता की सगळ्यांनी कोंडीत धरल्यामुळे होता, असं तिच्या मनात येऊन गेलं.

जीप वळणावर पोचली तेव्हा तो तिथं उभा होता. धुतलेला सदरा घातला होता, सणाला घालतात तसा. त्यानं हात केला, जीप थांबली. मंगली उतरायला लागली तर त्यानं खुणेनंच बस म्हटलं आणि खिडकीला धरून उभा राहिला.

"जोहार, काका."

"जोहार." मग त्यानंच विचारलं, "तिथी कोनी इचारलं, तुले कोनं पाठवलं, तर काय सांगशील?"

"गावानं पाठवलं म्हनून सांगीन."

"ते तर खरंच हाय." त्यानं खिडकीच्या काचेवर बोटानं रेघ ओढली. राजदीपकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं. म्हातारा लाजला होता. मंगलीनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. "गावाचं सांगितल्यावर माह्यंही एक सांगजो. जंगू कोमटी पुंगाटी."

मंगलीनं मान हलवली.

"मान नको हलवू. म्हनून दाखव."

"जंगू कोमटी पुंगाटी," मंगली म्हणाली.

"मोठ्यानं म्हन. तिथी लय लोक राहतीन."